पडलेला झगा

शास्त्रवाचन : २ राजे, अध्याय २



ख्रिस्तसभेला आपण मराठीत ‘मंडळी’ म्हणतो, आणि जुन्या काळी नाटके करणाऱ्या संस्थांनाही ‘मंडळी’च म्हणत. हे साम्य कोणाला आवडेल, कोणाला आवडणार नाही. परंतु एक प्रसंग असा आहे की तो दोन्ही मंडळ्यांवर सारखाच येतो. ज्याच्याकडे पाहून लोक जमत, ज्याच्या आवाजावर सगळे उभे होते, तो मनुष्य एके दिवशी जातो. आणि पुढचा खेळ म्हणा, पुढची उपासना म्हणा, ठरल्या वेळी सुरू व्हायचीच असते. मागे राहिलेल्यांनी त्या वेळी काय करावे?

हा विषय आज घेण्याचे निमित्त थोडे निराळे आहे. येथे उज्जैनमध्ये आमच्या तरुण संघातील मुले एका अमेरिकन चित्रपटाविषयी पुष्कळ बोलत असतात. ‘ब्लॅक पँथर : वाकांडा फॉरएव्हर’ हे त्याचे नाव. अंगात अचाट सामर्थ्य आणि तोंडावर मुखवटा असलेल्या वीरांचे हे चित्रपट आम्हाला फारसे मानवत नाहीत. त्यांत हाणामारी इतकी की कथा शोधून काढावी लागते. हाही दोन तास चाळीस मिनिटांचा आहे आणि त्यातला बराच भाग लढाईत जातो. तरी मुलांनी आग्रह धरला म्हणून आम्ही पाहिला, आणि पाहिल्यावर पुष्कळ वेळ गप्प बसलो.

त्याची हकीकत अशी. वाकांडा नावाच्या एका काल्पनिक आफ्रिकी राज्याच्या राजाची कथा सांगणारा पहिला चित्रपट २०१८ साली आला. राजा टचालाची भूमिका चॅडविक बोझमन या नटाने केली होती. हा दक्षिण कॅरोलायनातील अँडरसन गावचा, बाप्तिस्त मंडळीत वाढलेला. पहिल्या चित्रपटाने त्याचे नाव जगभर झाले, पण त्याला २०१६ सालापासून आतड्याचा कर्करोग होता हे जगाला माहीत नव्हते. उपचार घेत घेत तो कामे करीत राहिला, आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी वारला. त्या वेळी दुसऱ्या भागाची पटकथा त्यालाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली होती. दिग्दर्शक रायन कूगलर यांच्या मनात हे काम सोडून द्यावे असेही येऊन गेले.

अशा वेळी धंद्याचा सोपा मार्ग ठरलेला असतो. दुसरा नट आणावा, तोच मुखवटा त्याच्या तोंडावर चढवावा, पुढे चालावे. मुखवट्याआड कोण आहे हे कितीजण पाहतात? परंतु त्या भूमिकेत दुसरा नट घालणार नाही, असे निर्मात्यांनी डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केले. काही चाहत्यांना ते पटले नाही. कृष्णवर्णीय मुलांना एवढ्या काळाने असा राजा मिळाला, तो नटाबरोबर पुरून टाकू नका, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चित्रपट आला. प्रारंभीच राजा आजाराने मरतो, आणि तो मरताना आपल्याला दिसतही नाही. दिसते ती त्याची बहीण शुरी, प्रयोगशाळेत औषधासाठी धडपडणारी. औषध वेळेवर होत नाही. मग पांढऱ्या वस्त्रांतली सगळी प्रजा, ढोल, आणि खांद्यांवरून चाललेली शवपेटी. पडद्यावरचे लोक नटत होते हे खरे, पण त्यांचा मित्र खरोखरच गेलेला होता, आणि हे पाहणाऱ्यालाही ठाऊक होते. त्यामुळे रडणे कोठे संपते आणि अभिनय कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण.

त्यांच्या रीतीप्रमाणे वर्ष झाल्यावर शोकाची वस्त्रे जाळायची असतात. आई मुलीला घेऊन रानात नदीकाठी जाते, परंतु शुरीच्याने ते होत नाही. आपल्याला दुःख झालेलेच नाही असे दाखवीत ती कामात बुडून राहते. पुढे आईही मारली जाते. आणि भावाचा मुखवटा व वस्त्र अंगावर चढवते त्या वेळी शुरीच्या मनात सूड असतो. (पूर्वजांच्या भेटीचा जो विधी त्यात दाखविला आहे तो आपल्या विश्वासाचा नव्हे, हे मुलांना सांगावे लागते. पण त्या भेटीत तिला प्रेमळ भाऊ दिसत नाही, सूडाने जळणारा चुलतभाऊ दिसतो, हे लिहिणाऱ्याने मोठ्या समजुतीने लिहिले आहे.) शेवटी शत्रू हाती सापडला असता ती त्याला जीवदान देते. मग एकटी दूर समुद्रकाठी बसून ती शोकाची वस्त्रे अग्नीत टाकते, आणि तेव्हा कोठे तिला भावाची आठवण मोकळेपणाने येते.

आता आपल्या घरचे पाहू. उज्जैनला मराठी माणूस आला तो शिंद्यांबरोबर. पण मराठी रंगभूमीचे या नगरीशी आणखी एक नाते आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ज्या नाटकाने संगीत रंगभूमीचा पाया घातला ते ‘शाकुंतल’, म्हणजे कालिदासाचे. आणि ‘मेघदूता’त मेघाला वाट वाकडी करून ही नगरी पाहायला लावणारा कवी तो हाच. अण्णासाहेब २ नोव्हेंबर १८८५ रोजी वारले तेव्हा त्यांचे ‘रामराज्यवियोग’ अर्धेच लिहून झाले होते. नाटककार, शिक्षक आणि मालक, तिन्ही एकाच वेळी गेले. मंडळी त्याच दिवशी मोडली असती तर कोणी नवल केले नसते.

ती मोडली नाही. बेळगावच्या शाळेत अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेले गोविंद बल्लाळ देवल पुढे आले. त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, ज्याची सारी कथा या उज्जयिनीच्याच रस्त्यांवर घडते. आणि १८९९ साली त्यांनी ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. गुरूने शकुंतला आणि सुभद्रा यांची गाणी लिहिली होती. शिष्याने म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या एका पोरीचे नाटक लिहिले, जिच्यासारख्या मुली त्या वेळी गावोगाव होत्या. गुरूने असे नाटक कधी लिहिले नव्हते. म्हणून देवलांना कोणी गुरुद्रोही म्हटले नाही.

पुढे १३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊराव कोल्हटकर गेले. १८८२ सालापासून शकुंतला म्हणजे भाऊराव आणि सुभद्रा म्हणजे भाऊराव, असे लोकांनी धरले होते. ती जागा भरायला काही वर्षे लागली. १९०५च्या सुमारास नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला आणि शकुंतला झाला. त्याला आपण बालगंधर्व म्हणून ओळखतो. भाऊरावांना ऐकलेले लोक त्या दिवशी समोर बसलेलेच असणार, आणि त्यांनी मनात तुलना केल्याशिवाय राहिली नसणार. पण त्या मुलाने भाऊरावांचा आवाज काढण्याचा प्रयत्न केला असता तर आज त्याचे नाव कोणाच्या तोंडी असते?

बालगंधर्वांची एक गोष्ट पुष्कळदा कौतुकाने सांगितली जाते. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता, आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही. इतरांच्या श्रमांचा मान त्यांनी राखला हे खरे. परंतु ही गोष्ट ऐकताना आमच्या मनात त्या मुलीची आई येते. थिएटरात टाळ्या पडत असतील तेव्हा ती घरी होती. ‘खेळ चालू राहिला पाहिजे’ या वाक्यावर आपण फार लवकर खूश होतो.

आमच्या परिचयाची एक लहानशी मराठी मंडळी आहे; नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे एक बाई पुष्कळ वर्षे उपासनेत पेटी वाजवीत असत. त्या गेल्या. सोमवारी दफनविधी झाला आणि पुढच्याच रविवारी एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पेटीवर बसविले. बाईंविषयी त्या उपासनेत दोन वाक्ये बोलली गेली, तीही सूचनांच्या वेळी. मुलगी जरा जलद वाजवी. उपासना संपल्यावर कोणी ना कोणी प्रेमानेच म्हणे, “बाई असं वाजवीत नसत हो.” चार महिन्यांनी ती मागच्या बाकावर बसू लागली, आणि मग येईनाशी झाली. आता तेथे पेटीशिवाय गातात. पेटी कोपऱ्यात आहे, बाईंनी स्वतः भरतकाम केलेला रुमाल तिच्यावर घातलेला आहे, आणि तो कोणी काढू धजत नाही. ही मुलगी सहा वर्षे बाईंकडेच पेटी शिकली होती. बाई गेल्याचे तिला किती लागले, हे तिला कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या मंडळीने रडण्याला वेळ दिला नाही, आणि न रडल्यामुळेच बाईंना जाऊ दिले नाही. मग त्या मुलीने मुखवटा घालून बाई व्हावे, असे सर्वांना वाटू लागले.

आता शास्त्रवाचनाकडे वळू. एलीया वावटळीतून वर घेतला जातो तेव्हा अलीशा प्रथम काय करतो ते सावकाश वाचा. झगा खाली पडलेला आहे, पण तो त्याला लगेच हात लावीत नाही. आधी तो ओरडतो, गुरूला बाप म्हणून हाका मारतो. एलीया दिसेनासा झाल्यावर आपली स्वतःची वस्त्रे धरून फाडतो, त्यांचे दोन तुकडे करतो. त्यानंतर झगा उचलतो. हा क्रम फिरविता येत नाही. इस्राएल लोकांनीही मवाबाच्या मैदानात मोशेसाठी तीस दिवस शोक केला, आणि मगच यहोशवाला यार्देन उतरण्याची आज्ञा झाली.

अलीशाने मागितलेला दुप्पट वाटा पुष्कळांना लोभासारखा वाटतो. तसे नाही. नियमशास्त्राप्रमाणे दुप्पट वाटा वडील मुलाचा असे. गुरूहून मोठे होण्याची मागणी त्यात नव्हती, त्याचा मुलगा म्हणून जबाबदारी घेण्याची होती. नदीच्या काठी आल्यावर तो त्याच झग्याने पाण्यावर मारतो आणि एलीयाचा देव कोठे आहे असे विचारतो. एलीया कोठे आहे, असे तो विचारीत नाही.

ते विचारणारे लोक यरीहोत होते. संदेष्ट्यांच्या शिष्यांनी आग्रह धरला की पन्नास माणसे पाठवू, कोठेतरी डोंगरावर किंवा दरीत तो पडला असेल. अलीशा आधी नको म्हणाला. पण त्यांनी फारच भीड घातली तेव्हा जाऊ दिले. तीन दिवस त्यांनी शोध केला. अलीशा यरीहोत वाट पाहत बसला. त्याला रागावता आले असते, कारण त्या शोधाचा अर्थ उघड होता : तू आम्हाला पुरेसा वाटत नाहीस. त्याने तीन दिवस ते सोसले.

ते रिकाम्या हातांनी परतले. मग नगरातले लोक आले आणि म्हणाले, गाव चांगले आहे पण पाणी वाईट आहे. अलीशाने एक नवे भांडे मागविले, त्यात मीठ घालायला सांगितले, आणि झऱ्याच्या उगमाशी जाऊन ते ओतले. एलीयाने दुष्काळ सांगितला होता, अग्नी उतरविला होता. एका गावाचे पिण्याचे पाणी गोडे करण्याचे काम शास्त्रात त्याच्या नावावर नाही. ते काम अलीशाकडे आले, आणि त्यासाठी भांडे नवे लागले.

वर सांगितलेल्या मंडळीतील एक वडील परवा भेटले. दोघे-तिघे मिळून त्या मुलीच्या घरी जाणार आहेत, आणि काय बोलावे म्हणून विचारीत होते. आम्ही एवढेच सुचविले की जाताना तो भरतकामाचा रुमाल बरोबर न्या, बाईंविषयी तिला बोलू द्या, ती रडली तर थांबा. आणि पेटीचा विषय त्या दिवशी काढू नका.