चालीचे कूळ आणि श्रोत्याचा विवेक

देवाचे गाणे आणि संसाराचे गाणे ह्यांच्यामधली रेघ कोठे ओढावी, हा प्रश्न ख्रिस्ती श्रोत्याला फार जुन्या काळापासून पडत आला आहे. संगीत मनाला हलवते, आणि हलवलेले मन ते कोठे नेऊन ठेवील ह्याचा भरवसा नसतो, ही ह्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली भीती आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात ही भीती मोठ्या प्रामाणिकपणे मांडली. मिलानच्या चर्चमधील गायनाने आपल्या डोळ्यांत पाणी आणले होते, हे तो विसरला नव्हता. मात्र ते पाणी शब्दांनी आणले की स्वरांनी, ह्या शंकेने तो अस्वस्थ होता. स्वरांनीच अधिक हेलावलो असू तर तो अपराध, असे त्याने मानले. तरीही उपासनेतून गाणे हद्दपार करावे, असे काही त्याला म्हणवले नाही. ऑगस्टीनच्या ह्या कबुलीतील एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्याला पेच पडला तो बाजारातल्या गाण्याविषयी नव्हे, तर चर्चमधल्या गाण्याविषयी. धोका भिंतीच्या बाहेर आहे असे समजून दार लावून घेणाऱ्यांना त्याने सांगून ठेवले आहे की, तो आतही आहे.

गाण्याची ही पारख करताना सामान्यतः तीन कसोट्या लावल्या जातात. पहिली कुळाची: चाल कोठून आली? दुसरी शब्दांची: गाणे कोणाचे नाव घेते? तिसरी परिणामाची: ऐकणाऱ्याचे त्या गाण्याने काय होते? पहिली कसोटी लावायला सर्वांत सोपी, म्हणून ती सर्वांत अधिक वापरली जाते. आणि इतिहासासमोर सर्वांत आधी मोडते तीही तीच.

१६०१ साली हान्स लेओ हास्लर ह्या जर्मन संगीतकाराने एका प्रेमगीताची चाल प्रसिद्ध केली. पुढे तीच चाल क्रुसावरील ख्रिस्ताच्या दुःखाचे गीत गाण्यासाठी रूढ झाली, आणि बाखने मत्तयाच्या शुभवर्तमानावर रचलेल्या आपल्या महान संगीतकृतीत ती पुनःपुन्हा योजली. खुद्द बाखने १७३३ साली एका राणीच्या वाढदिवसानिमित्त जे समूहगान रचले, त्याचेच संगीत दुसऱ्या वर्षी नाताळच्या उपासनेसाठी वापरले. राजस्तुतीचे नगारे बाळ येशूच्या स्वागताला वाजले, आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही विटाळ वाटल्याचे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर युरोप-अमेरिकेतील उपासनागीतांच्या चाली महाराष्ट्रात आल्या, तेव्हा मराठी ख्रिस्ती माणसाला त्या निखळ पवित्र वाटल्या. ह्याचे एक कारण असे की, त्यांचे पूर्वायुष्य त्याला ठाऊक नव्हते. शेजारच्या देवळातली आरती मात्र त्याला पुरती ठाऊक होती. परकी चाल पवित्र आणि ओळखीची चाल संशयास्पद, हा निवाडा अशा रीतीने पुष्कळदा ज्ञानावर नव्हे, तर अपरिचयावर उभा राहिला.

ह्या विसंगतीचे सर्वांत बोलके उदाहरण गोमंतकात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथामागची प्रेरणा ग्रंथातच आली आहे. जुनी पुराणे हातून गेली, आता त्यांच्या जागी काय वाचावे, असा नवख्रिस्ती मंडळींचा प्रश्न होता. स्टीफन्सने त्याला उत्तर दिले ते लॅटिन स्तोत्र पढवून नव्हे. ज्ञानेश्वर-एकनाथांनी गाजवलेला छंद त्याने उचलला आणि त्यात ख्रिस्ताची कथा सांगितली. चर्चमध्ये आणि घरोघर ते पुराण वाचले-गायले गेले, १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलेही गेले. पुढे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात लग्नघरी ओव्या गाण्यास मनाई होती. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अंतराने त्याच भूमीत, त्याच धर्मसंस्थेच्या छायेत, एकाच छंदाला दोन न्याय मिळाले. धर्मगुरूच्या लेखणीतून उतरलेली ओवी शुभवार्ता ठरली, आणि नवरीच्या आईच्या, मावशीच्या ओठांवरची ओवी अपराध. छंदाचे कूळ बदलले नव्हते. बदलली होती ती गाणाऱ्यावरची सत्ता. म्हणूनच, एखादे गाणे 'धर्माचे नव्हे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते कोण म्हणते आहे आणि कोणाचे तोंड त्यामुळे मिटते आहे, हे पाहणेही पारखीचाच एक भाग ठरतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वळणाने आला. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी राहिली. तिच्या आद्य कीर्तनकारांत कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांचे नाव घेतले जाते. पूर्वरंग, उत्तररंग, साथीला वाद्ये आणि आख्यान ख्रिस्तचरित्रातले, अशी ही रचना होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ह्या वाटेचा राजमार्ग केला. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल ठरला, अशी त्यांची धारणा होती. आणि पूल ओलांडल्यावर तो मोडून टाकण्याची गरज त्यांना भासली नाही. अभंग, ओवी, पद ह्या रूपांत त्यांनी रचलेली गीते मराठी मंडळ्यांच्या उपासनेत रुजली ती कायमची. 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून अपुरे राहिले. १९१९ मध्ये ते निवर्तल्यावर लक्ष्मीबाई टिळकांनी ते काम पुढे नेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात देशोदेशींच्या संगीतपरंपरांना उपासनेत यथोचित स्थान द्यावे असे म्हटले. टिळकांच्या अभंगांना तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

येथवर पाहिले तर निर्णय सोपा वाटतो. चालीला कूळ नसते, सोवळे-ओवळे नसते. कोणतीही चाल घ्यावी आणि देवाला वाहावी. पण ह्या सुलभ निष्कर्षाला एक मोठी अडचण आहे, आणि ती अडचण जातीची आहे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्यांत येणारे लोक बहुतांशी महार आणि मांग समाजातले होते. गावच्या जत्रेत, वरातीत, देवळापुढे हलगी आणि सनई वाजवणे हे मांगांकडे परंपरेने चालत आलेले काम होते. ज्या देवळाच्या पायरीवर पाय ठेवायची बंदी, त्याच देवळासमोर वाजवायची मात्र सक्ती. असा माणूस बाप्तिस्मा घेतो आणि त्याला सांगितले जाते की हलगी हे तुझ्या मातीचे वाद्य आहे, ते प्रार्थनेत आण. त्याने मान हलवून नकार दिला, तर त्याला संगीत कळत नाही असे म्हणता येईल काय? टिळकांना अभंग परत मिळाला तो अभिमानाचा वारसा म्हणून; हलगी वाजवणाऱ्याला हलगी परत मिळते ती वेठीची आठवण म्हणून. कोकणस्थ ब्राह्मण कवीला जे स्वदेशीचे पुनरुज्जीवन वाटते, तेच दुसऱ्याला सुटलेल्या बेडीचा नाद वाटू शकते. त्या कानाला परकी पेटी आणि परकी चाल प्रिय वाटली, तर ती केवळ नक्कल नसते. ज्या सुरात आपला कधी अपमान झाला नाही, त्या सुराचा तो आश्रय असतो.

म्हणून कुळाची कसोटी खोटी ठरली तरी स्मृतीची कसोटी खरी उरते. प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिताना मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा असाच प्रश्न सोडवला होता. मूर्ती म्हणजे काही नव्हे, तेव्हा ते अन्नही दूषित नव्हे, हे त्याने मान्य केले. पण ज्या भावाच्या मनात त्या अन्नाचा जुना संबंध अजून जिवंत आहे, त्याला आपल्या ज्ञानाने ठेच लागू नये, असेही त्याने बजावले. ज्ञान बरोबर असते, तरी प्रेमावाचून ते पुरेसे नसते. गाण्याला हे तंतोतंत लागू पडते. एकट्याने ऐकण्याचे गाणे आणि मंडळीने मिळून गाण्याचे गाणे ह्यांच्या कसोट्या त्यामुळेच वेगळ्या असाव्या लागतात. घरात श्रोता मोकळा आहे. मंडळीत त्याच्या शेजारी कोणीतरी बसलेले असते. अर्थात ह्या न्यायाचाही दुरुपयोग होतो. ठेच लागलेल्याची काळजी घेणे वेगळे, आणि कोणाला तरी ठेच लागेल असे सांगत सगळ्यांचे गाणे बंद पाडणे वेगळे. गोव्यातील नवरीच्या ओव्या कोणा दुबळ्या भावाच्या काळजीपोटी बंद झाल्या नव्हत्या.

दुसरी कसोटी शब्दांची. ज्यात देवाचे नाव ते धर्माचे, बाकीचे ऐहिक, अशी वाटणी ह्या कसोटीत होते. मराठी बाईच्या जात्यावर ही वाटणी टिकत नाही. दळताना ती विठ्ठलाला हाक मारते, पुढच्याच ओवीत भावाची वाट पाहते, तिसरीत सासरचे दुःख सांगते. कोठे देव संपला आणि संसार सुरू झाला हे तिलाही सांगता येणार नाही. बायबलमध्येही ही वाटणी टिकत नाही. 'गीतरत्न' हे प्रियकर-प्रेयसीचे गीत पवित्र शास्त्रात मानाने बसले आहे, आणि देवाचा उल्लेख त्यात जवळजवळ नाहीच. त्याचे रूपक करून धर्मपंडितांनी मार्ग काढला खरा. तरी शास्त्राने ते गीत गाळले नाही, ही गोष्ट उरतेच. उलट बाजूने आमोस संदेष्टा उभा आहे. न्याय पायदळी तुडवणाऱ्यांची स्तोत्रे देवाला गोंगाट वाटतात, तो ती ऐकायला तयार नाही, असे आमोसाने सुनावले. त्या स्तोत्रांत नाव तर देवाचेच होते. शब्द शुद्ध असूनही गाणे अशुद्ध होऊ शकते, हे शास्त्रानेच सांगितले आहे.

टिळकांच्या कवितेकडे ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. उपासनागीते लिहिणाऱ्या ह्याच कवीला मराठी वाचक फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून ओळखतो. 'केवढे हे क्रौर्य' ही शिकाऱ्याने घायाळ केलेल्या पक्षिणीची कविता शाळाशाळांतून पाठ झाली. ती म्हणणाऱ्या मुलांना कवीचा धर्म विचारावासा वाटला नाही. ह्या कवितेत कोणत्याही धर्माची खूण नाही. पण मुक्या प्राण्याच्या वेदनेने कालवलेले मन आणि क्रुसासमोर नमलेले मन ही दोन वेगळी मने होती, असे मानण्याला आधार कोठे आहे? करुणा ही जर ख्रिस्ताची शिकवण, तर ती ज्या गाण्याने जागी होते ते गाणे केवळ नाव नसल्यामुळे परके ठरवता येणार नाही.

वाजवणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ही सरमिसळ आणखी स्पष्ट होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत पिढ्यानुपिढ्या मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकली, ती मिस्सेच्या संगीतासाठी. त्याच शिक्षणावर त्यांतले कितीतरी जण मुंबईत चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात उभे राहिले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतले एक ठळक नाव. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ च्या चित्रपटातील एका गमतीदार गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांना मानवंदना दिली. वेदीसमोर शिकलेला गज ध्वनिमुद्रणाच्या खोलीत चालला आणि त्यावर घर चालले. तो गज दिवसा पापी आणि रविवारी पुण्यवान होत होता काय? पेटीची कथाही अशीच आहे. युरोपातून आलेले आणि मिशनऱ्यांनीही आणलेले हे वाद्य चर्चमध्ये, वारकरी भजनात, नाट्यसंगीतात आणि तमाशात सारख्याच सहजतेने नांदले. तिच्यावर बंदी आली ती १९४० साली आकाशवाणीची, आणि तीही कलेच्या शुद्धतेच्या नावाने, धर्माच्या नव्हे. सोवळे पाळण्याची हौस केवळ धर्मसंस्थांना असते असे नाही.

उरते ती तिसरी कसोटी, परिणामाची. ऐकून झाल्यावर माणूस कसा होतो? अधिक सावध की अधिक बधिर, शेजाऱ्याकडे वळलेला की स्वतःतच गुरफटलेला? ही कसोटी खरी आहे, पण सोयीची नाही. ती दुसऱ्याला लावता येत नाही. ज्याची त्यालाच लावावी लागते, आणि प्रत्येक वेळी नव्याने. जे गाणे काल जागे करी ते आज सवयीने गुंगी आणू शकते, मग ते स्तोत्र असो की सिनेगीत. भक्तिगीत दिवसभर लावून ठेवणारा श्रोता ते ऐकत असतोच असे नाही. त्याच्या घरात पावित्र्याचा नाद भरलेला असेल आणि लक्ष कोठेच नसेल. अशा ऐकण्यापेक्षा एखादी विरहिणी मन लावून ऐकणे अधिक प्रामाणिक ठरेल.

ह्याचा अर्थ सर्व गाणी सारखी, असा मात्र होत नाही. माणसाला तुच्छ लेखणारी, देहाचा बाजार मांडणारी, द्वेषाला ठेका देणारी गाणी असतात. ती ओळखणे हे विवेकाचे कामच आहे. प्रार्थनेचे म्हणून राखलेले गाणेही असावे लागते, कारण दुःखाच्या घटकेला माणसाला नवे शब्द सुचत नाहीत, पाठ असलेलेच ओठांवर येतात. धर्मगीताचे खरे स्थान हे आहे. बाकीच्या गाण्यांवर पहारा करण्यासाठी ते नेमलेले नाही. मन ज्या स्वराशी जुळवून घ्यावे असा आधारस्वर ते पुरवते. तंबोरा जुळलेला असला की गवयी दूरवर फिरून येऊ शकतो. तो जुळलेला नसेल, तर जागच्या जागी उभे राहूनही त्याचे गाणे बेसूरच होते.