हाडांच्या अभ्यासाला निघालेल्या नातीस

चि. सोनू,

हाडांच्या प्रयोगशाळेत जागा मिळाल्याचा आनंद तुझ्या पत्राच्या पहिल्या चार ओळींतच संपला. पुढे सगळी तक्रारच. दिवसभर उंदरांचं खाद्य तोलायचं आणि वहीत उतरवायचं, याला संशोधन म्हणायचं का? म्हणायचं, बाळा. मुलांची डॉक्टर म्हणून मी ज्या ज्ञानाच्या भरवशावर औषधं लिहिली, ते अशाच नोंदींतून आलं आहे.

हॅरिएट चिक हे नाव तुला कुणी सांगितलं नसेल. जन्म लंडनचा, १८७५ मधला. चिकबाई मूळच्या जंतुशास्त्राच्या. १९०५ साली त्यांनी लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला, तेव्हा बाईमाणसाला घेऊ नका म्हणून तिथल्या दोघांनी संचालकांना गळ घातली होती. संचालकांनी ऐकलं नाही, हे बरं झालं. पहिल्या महायुद्धात चिकबाई आहाराच्या प्रश्नांकडे वळल्या आणि १९१९ मध्ये एल्सी डॅलिएल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरणीबरोबर व्हिएन्नाला गेल्या.

युद्ध हरलेलं, उपासमारीने खंगलेलं शहर, आणि मुलांमध्ये मुडदूस. तू तो पुस्तकात वाचला आहेस, मी हाताने तपासला आहे. बाळाचं मनगट धरलं की हाडाचं टोक जाड, रुंद लागतं. फासळ्यांवरून बोट फिरवलं तर गाठींची रांग लागते. एक्स-रेमध्ये हाडाची कड नेटकी दिसायला हवी, ती खोलगट आणि विसकटलेली असते. वाढत्या कूर्चेत कॅल्शियम आणि फॉस्फरस नीट बसत नाहीत, म्हणून हाड वाढतं पण टणक होत नाही. मग मूल उभं राहू लागलं की पाय वाकतात.

कारणाबद्दल मात्र एकमत नव्हतं. इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून आहाराकडे बोट दाखवलं होतं. बर्लिनला हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याने मुलं बरी केली होती. आणि चिकबाई ज्यांच्या बालरुग्णालयात काम करू लागल्या, ते क्लेमेन्स फॉन पिर्के, म्हणजे आपल्याला ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणारे डॉक्टर, हा रोग संसर्गाने होतो असं मानत. तरीही त्यांनी आपले वॉर्ड चिकबाईंच्या स्वाधीन केले. स्वतःचं मत खोटं ठरू शकेल अशा प्रयोगाला जागा देणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

प्रयोग ऐकायला साधा होता. काही तान्ह्यांना तिथे रूढ असलेला आहार, काहींना चांगलं सकस दूध आणि कॉडलिव्हर ऑइल. प्रत्येकाचं दूध मोजलेलं, वजन टिपलेलं, हाडांचे एक्स-रे काढलेले. हिवाळ्यात रूढ आहारावरच्या बऱ्याच बाळांना मुडदूस झाला, तेल घेणाऱ्यांना झाला नाही. उन्हाळ्यात कुठल्याच गटात तो झाला नाही. आधीच मुडदूस असलेली मुलं तेलाने बरी झाली, तशीच उन्हाने आणि दिव्यानेही झाली.

इथे जरा थांब. फक्त उन्हाळ्याच्या नोंदी असत्या तर तेल निरुपयोगी ठरलं असतं. फक्त हिवाळ्याच्या असत्या तर ऊन हिशेबातच आलं नसतं. ऋतू पालटला तरी मापं तीच राहिली, म्हणून आहारवाले आणि ऊनवाले दोघेही बरोबर निघाले. कारण आपल्या त्वचेत उन्हामुळे जे तयार होतं तेच त्या तेलात असतं. १९२२ मध्ये हे निष्कर्ष छापून आले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी तेलातलं मुडदूस रोखणारं तत्त्व ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळं असल्याचं दाखवलं. तेच आपलं ‘ड’ जीवनसत्त्व.

आज तान्ह्या मुलांवर असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. तुझ्या हाती उंदीर आहेत ते त्यामुळेच. म्हणून त्यांच्या खाद्याचं वजन अंदाजाने लिहू नकोस, आणि पिंजऱ्यांवर ऊन कुठून, किती येतं तेही टिपून ठेव.

चिकबाईंना १९४९ मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला. व्हिएन्नातल्या कामाची हकिगत त्यांनी स्वतः लिहिली आणि ती ‘मेडिकल हिस्टरी’ या नियतकालिकात १९७६ साली आली. तेव्हा त्या १०१ वर्षांच्या होत्या. ग्रंथालयात तो लेख मागून घे, वाच, आणि काय वाटलं ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आजी