खात नाही, लावते

गरोदर बाईला तपासणीच्या वेळी “तंबाखू खातेस का?” असं विचारलं की ती “नाही” म्हणते. ती खोटं बोलत नसते. तिलाच पुन्हा विचारा, “मशेरी लावतेस का?” “लावते की. सकाळी उठल्यावर, आणि जेवण झालं की जराशी.”

सगळी गोम या क्रियापदात आहे. मराठीत विडी ओढतात, तंबाखू खातात, पण मशेरी मात्र लावतात. तेल लावतात, कुंकू लावतात, तशी. ओढणं आणि खाणं ही व्यसनं झाली. लावणं हा नित्यनेम.

आजोळी आजी मशेरी भाजायला बसली की आम्हा पोरांना अंगणात पिटाळायची. जुन्या तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, मग चुरून त्यांची पूड करायची. त्या ठसक्याने शेजारचं घरही खोकायचं. पूड पत्र्याच्या डबीत जायची आणि डबी कनवटीला. दात घासून कधीच झालेले असायचे, तरी बोट हिरडीवरून फिरतच राहायचं. तिला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत लावला असता. व्यसन आजोबांना होतं, विडीचं.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया शंभरात दोनही नव्हत्या. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या जवळपास सतरा होत्या. तरीही ‘गरोदरपण आणि तंबाखू’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेटवर फुली मारलेलं चित्र येतं. ते चित्र बाहेरून आलं आहे, आणि ते पाहून मशेरी लावणारी बाई निश्चिंत होते. १९९२ मध्ये केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. घरच्या तव्याला ती बंदी कुठून कळणार? पाकिटांवर पंच्याऐंशी टक्के जागा व्यापणारा सचित्र इशारा असतो म्हणतात. सुटी पानं तोलून आणून घरी भाजली, तर तो इशारा डकवायचा कशावर?

मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी केली, ती २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे सतरा टक्के स्त्रिया बिनधुराचा तंबाखू वापरत होत्या, बहुतेक जणी मशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. दोन अंड्यांएवढं वजन, त्यात काय एवढं, असं वाटेल. पण अडीच किलोच्या रेषेवर रेंगाळणाऱ्या बाळाला एवढं ढकलणं पुरतं. शिवाय सरासरी फार सभ्य असते, टोकाचं ती सांगत नाही. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्म होण्याची शक्यता या स्त्रियांमध्ये जवळपास पाचपट होती. त्याच अभ्यासातून पुढे २००६ मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत बाळ जन्मण्याचा धोका अडीचपटीच्या घरात होता.

धूर नसताना हे होतं, कारण मुख्य गुन्हेगार निकोटीन आहे. हिरडीतून ते रक्तात जातं, वारेतून बाळाकडे जातं आणि वाटेत रक्तवाहिन्या आकसवतं. विडी-सिगारेटमध्ये त्याला कार्बन मोनॉक्साइडची साथ मिळते. तो हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि बाळाच्या वाट्याचा प्राणवायू अडवतो. इंग्लंडमध्ये सुईणी गरोदर स्त्रीला यंत्रात फुंकर मारायला सांगून हाच वायू मोजतात. चांगली पद्धत आहे. पण आपल्या मशेरीवालीने फुंकर मारली तर ते यंत्र तिला निर्व्यसनी ठरवील.

आणि व्हेपवालीलाही. कारण तिथेही क्रियापदाने घात केलेला आहे. आपल्याकडे वाफ घेतात ती सर्दी झाल्यावर, निलगिरीचे दोन थेंब टाकून. म्हणून व्हेप म्हणजे नुसती वाफ, फारतर आंब्याच्या वासाची, असा समज सहज रुजतो. ती पाण्याची वाफ नसते. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायनं आणि बहुधा निकोटीन यांचे ते तुषार असतात. २०१९ पासून देशात ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे, तरी शहरात मागणाऱ्याला ती मिळते. ब्रिटनमधले डॉक्टर सिगारेट सुटतच नसेल तर व्हेप कमी वाईट म्हणतात, आणि तिथल्या ओढणाऱ्या बाईपुरतं ते खरंही आहे. आधी काहीच न ओढणाऱ्या पुण्याच्या मुलीने ते स्वतःला लावून घेण्यात अर्थ नाही.

बाळंतपणानंतर तर आपल्या पथ्यांची गंमतच पाहावी. दही नको, गार पाणी नको, कान बांधून बस. त्याआधी ग्रहणात विळीला हात लावू नको, पपई खाऊ नको. इतक्या जुन्या, इतक्या बारीक यादीत मशेरी मात्र नाही. कशी असेल? यादी सांगणाऱ्या सासूच्याच कनवटीला डबी असते. नऊ महिने मन मारून सोडलेली मशेरी बाळंतिणीच्या खोलीत परत येते, कारण जागरण आहे, भूक आहे, आणि दुपारभर बोलायला कुणी नाही. निकोटीन दुधात उतरतं. आईच्या रक्तात जितकं, त्याच्या तिपटीपर्यंत. एवढं ऐकून घाबरलेल्या घराने दूधच तोडावं, हा त्याहून वाईट उपाय. डॉक्टर सांगतात, सुटेपर्यंत आधी पाजा, मग लावायची ती लावा. दुधातलं प्रमाण दीडेक तासात निम्म्यावर येतं.

मला राग येतो तो सगळं बाईच्याच पदरात घालण्याचा. नवरा विडी ओढून आत येतो आणि त्याच अंथरुणावर बाळाशेजारी आडवा होतो. झोपेत अचानक दगावणाऱ्या तान्ह्या बाळांच्या कारणांत घरातला धूर आहे, आणि ओढणाऱ्याच्या कुशीत झोपणं तर अधिकच धोक्याचं. त्याला कुठल्या तपासणीला बोलावतात? सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात, पोटात बाळ आणि मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन. तंबाखूतलं निकोटीन कातडीतूनही शिरतं. त्यांना ‘सोडा’ म्हणायचं म्हणजे चूल सोडा म्हणायचं.

प्रश्न बदलला तर मात्र काहीतरी हलतं. ओळखीच्या एक नर्सबाई आता ‘तंबाखू’ हा शब्दच काढत नाहीत. “सकाळी दाताला काय लावतेस गं?” एवढंच विचारतात. डबी लगेच बाहेर येते. बाई रागावत नाहीत, बाळाच्या वजनाचं सांगतात. मग समोरची पदराशी चाळा करत हमखास एकच विचारते, “सोडली, तर पोट कसं साफ व्हायचं?” हा बहाणा नाही. निकोटीन आतड्यांना खरंच चाळवतं, ते गेलं की काही दिवस कुंथावं लागतं. नर्सबाई खुर्ची पुढे ओढतात आणि गरम पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका असं सांगायला लागतात.