‘आवडते’ आणि ‘आवडे छे’

आमच्या शाळेत नववीची मुले दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एक भित्तिपत्रक काढतात. यंदा त्यांच्या मनात आले की, आचार्यांचे दहा आवडते चित्रपट क्रमवार छापावेत. (गुजरातेत मुख्याध्यापकाला आचार्य म्हणतात. शब्द भारदस्त आहे. काम तेच, गळके छप्पर आणि रागावलेले पालक.) मी मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटांत यादी करून दिली. पहिला ‘संत तुकाराम’, दुसरा ‘पथेर पांचाली’, तिसरा ‘मंथन’, मग ‘सामना’, ‘बायसिकल थीव्हज’, ‘भवनी भवाई’ असे करीत दहावा ‘हेल्लारो’.

यादी न्यायला आलेल्या मुलीने ती तिथेच उभ्या उभ्या वाचली आणि विचारले, “सर, आमांथी सौथी वधारे वार कई जोई?” यातला सर्वांत जास्त वेळा कोणता पाहिला?

प्रश्न साधा होता. पण खरे उत्तर यादीत नव्हते. ‘पथेर पांचाली’ मी दोनदा पाहिला आहे. ‘बायसिकल थीव्हज’ एकदाच, आणि त्यातही मधली काही मिनिटे डुलकी लागली होती. सर्वांत जास्त वेळा पाहिलेला चित्रपट म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. १९८८ सालचा. त्याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. थकून घरी आल्यावर, तापात, मुलगी सासरी गेली त्या रात्री, मी तोच लावून बसलो. मुलीला मी तसे सांगितले. ती म्हणाली, “पण तो तर यात नाही!” तेवढ्यात घंटा झाली, आणि तीस वर्षांच्या नोकरीत घंटेचे इतके उपकार मला कधी वाटले नव्हते.

ती गेल्यावर मी यादीकडे पुन्हा पाहिले. दहाही चित्रपट थोर आहेत, त्याविषयी शंका नाही. परंतु ही माझी यादी नव्हती, आचार्यांची होती. ‘संत तुकाराम’ पहिला का? दामले-फत्तेलालांचा हा १९३६ चा चित्रपट उत्तमच आहे. १९३७ साली व्हेनिसला त्याचा गौरव झाला. पण मी तो पहिला लिहिला त्या क्षणी माझ्या डोक्यात विष्णुपंत पागनीस नव्हते. गुजराती शाळेच्या भिंतीवर एक मराठी नाव सर्वांत वर असावे, एवढेच होते. तुम्हां बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या माणसाला आवडीनिवडीतही झेंडा लावायची सवय लागते. चित्रपटाचा विषय निघाला की बडोद्याचा मराठी माणूस दुसऱ्या वाक्यात दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले होते हे सांगतो, तसेच ते. आणि पहिला क्रमांक मराठीला दिल्यावर सहकाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून गुजरातीचे दोन घातले, हेही कबूल करतो. ‘भवनी भवाई’ आणि ‘हेल्लारो’ स्वतःच्या गुणांवर आत येण्याजोगे असताना मी त्यांना भिडेखातर आत घेतले. त्यांच्यावर हा अन्यायच झाला. ‘मंथन’ला मात्र कोणत्या भाषेच्या खात्यावर टाकावे मला कळत नाही. गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून १९७६ साली काढलेला हिंदी चित्रपट, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि त्यात स्मिता पाटील!

क्रम लावणे हा माझा धंदा आहे. अठ्ठ्याहत्तर गुणांचा निबंध आणि एकोणऐंशी गुणांचा निबंध यांत फरक काय, असे कोणी मला शपथेवर विचारले तर मी निरुत्तर होईन. तरी तो एक गुण मी देतो, आणि त्यावरून घराघरांत रडारड होते. पण म्हणून क्रम लावूच नये असे मला वाटत नाही. चाळीस आणि ऐंशी यांतला फरक खरा असतो. तो नाकारणारा मास्तर दयाळू नसतो, आळशी असतो.

चित्रपटांची अशी परीक्षा घेणारे एक मोठे मंडळ विलायतेत आहे. ‘साईट अँड साउंड’ हे तिथले मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना त्यांचे दहा उत्तम चित्रपट विचारते. पहिल्या खेपेस ‘बायसिकल थीव्हज’ पहिला आला. १९६२ पासून २००२ पर्यंत पाच वेळा ‘सिटिझन केन’. २०१२ साली हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’. आणि २०२२ साली शांताल आकरमन या बेल्जियन बाईंचा ‘झान दिलमान’, जो आधीच्या खेपेस पहिल्या तिसांतही नव्हता. चित्रपट १९७५ चाच. त्यात एक चौकटही वाढलेली नव्हती. बदलले होते ते परीक्षक. २०१२ साली ८४६ जणांनी मते दिली होती, २०२२ साली १६३९ जणांनी. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातले तीन दिवस तीन तासांहून अधिक वेळ दाखवणारा हा चित्रपट मी लावून पाहिला. खरे सांगतो, बटाटे सोलण्यापुढे गेलो नाही. ‘यात काय आहे?’ असे म्हणून उठलो. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

अशा वेळी आपल्याकडे एक हुकमी तोडगा असतो: ज्याची त्याची आवड. भांडण मिटवायला हा बरा, पण विचार म्हणून कुचकामाचा. कांटने १७९० च्या ग्रंथात यावर नेमके बोट ठेवले आहे. एखादे मद्य गोड लागते असे मी म्हटले आणि कोणी ‘तुम्हांला गोड लागते’ अशी दुरुस्ती केली, तर मी ती मुकाट्याने मान्य करीन. पण एखादी वस्तू सुंदर आहे असे म्हणताना मी माझ्यापुरते बोलत नसतो. तुम्हांलाही ते दिसावे अशी माझी मागणी असते. म्हणजे वाक्ये दोन आहेत. ‘मला आवडते’ हे एक, ‘हे चांगले आहे’ हे दुसरे. यादी करणारा बहुधा पहिले वाक्य लिहितो आणि दुसऱ्याचा रुबाब घेतो. किंवा माझ्यासारखा दुसरे लिहून त्याला पहिल्याचे नाव देतो.

इथे बडोद्यात राहण्याचा एक फायदा सांगतो. मराठीत ‘आवडणे’ म्हणजे पसंत पडणे. गुजरातीत ‘आवडवुं’ म्हणजे येणे, जमणे. पसंत पडण्याला गुजराती माणूस ‘गमवुं’ म्हणतो. ‘मने तरतां आवडे छे’ याचा अर्थ मला पोहणे पसंत आहे असा नाही, मला पोहता येते असा आहे. नव्याने आलेला प्रत्येक मराठी माणूस या खड्ड्यात एकदा तरी पडतो. आमची आई पडली होती. १९७४ साली आम्ही साताऱ्याकडून कारेलीबागेत राहायला आलो. समोरच्या मासींनी पहिल्याच दिवशी तिला विचारले, “गुजराती आवडे छे?” आईला वाटले, भाषा पसंत आहे का विचारताहेत, नाही कसे म्हणावे? ती हसून “हो” म्हणाली. मग मासी अर्धा तास गुजरातीत बोलत होत्या आणि आई मान डोलावत होती. हा किस्सा आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे चालला.

या एका शब्दाने मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले असे वाटते. आवडणे हे येण्यासारखेही असते. ‘पथेर पांचाली’ मला पहिल्यांदा आवडला नाही म्हणजे मला तो ‘आवडत नव्हता’, गुजराती अर्थाने. पाहता येत नव्हता. दुसऱ्यांदा थोडा आला. झान दिलमानबाईंचे बटाटे मला अजून येत नाहीत. ह्यूमने १७५७ च्या निबंधात जवळपास हेच म्हटले आहे: अभिरुचीला सराव लागतो, तुलना लागते, मन पूर्वग्रहांपासून मोकळे असावे लागते. त्याने सांकोच्या नातलगांची गोष्टही सांगितली आहे. मद्याची चव पाहून एक म्हणाला, चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, लोखंडाचा. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली लोखंडी किल्ली निघाली.

ही गोष्ट मी १९८९ च्या दिवाळीत आईला सांगितली होती. ते प्रकरण आता सांगायला हवे, कारण त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी कपाटातून जुनी वही काढली ती त्याचसाठी.

कॉलेजात असताना मी पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाला क्रमांक देत असे. दोनशे पानी वही, रकाने आखलेले: नाव, साल, क्रमांक, शेरा. नवा चित्रपट पाहिला की खोडरबर घेऊन सगळे क्रमांक पुन्हा लावायचे. बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते, आणि त्या वयात माणसाला न्यायाधीश होण्याची फार घाई असते. दिवाळीच्या साफसफाईत ती वही आईच्या हाती लागली. तिने ती चाळली, आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारले, “अरे, हा शेवटी का?”

क्रमांक १४३. ‘जय संतोषी माँ’, १९७५. शेरा: ‘अंधश्रद्धा. वेळ फुकट.’

मी तिला का ते सांगितले. चांगले वीस मिनिटे सांगितले. पटकथा कशी बाळबोध आहे, सुनेचा छळ दाखवून त्यावर उपाय म्हणून गूळ-चणे कसे सुचवले आहेत, अभिरुची म्हणजे काय, ह्यूमची किल्ली. “यात काय आहे, सांग बरं तू?” असेही विचारले. ती हातात झाडू घेऊन ऐकत होती. “बरं,” म्हणाली आणि वही फडक्याने पुसून जागेवर ठेवली. त्यानंतर ती माझ्याबरोबर कधी चित्रपटाला आली नाही. रागावून नव्हे. “तुम्ही जा, मला त्यातलं कळत नाही,” म्हणायची. मला वाटे, खरेच कळत नसेल.

आई २०११ साली गेली. तेराव्याला मासी आल्या होत्या, तोवर त्यांनाही नीट चालवत नव्हते. त्यांनी मला जे सांगितले ते असे. बडोद्यात आल्यावर जवळजवळ वर्षभर आई दार लावून घरात बसे. भाजीवाल्याशीसुद्धा बोलायला लाजे. मासींनी तिला शुक्रवारच्या संतोषीमातेच्या व्रतात ओढले, कारण कथा ऐकायला भाषा फारशी लागत नाही आणि आंबट वर्ज्य हे खुणेनेही सांगता येते. मग तो चित्रपट लागला. सोसायटीतल्या चौघी निघाल्या. आईने भाजीच्या पैशांतून तिकिटाचे पैसे काढले. लग्नानंतर नवऱ्याशिवाय करमणुकीसाठी घराबाहेर पडण्याची तिची ती पहिलीच वेळ. दारापाशी बायकांनी चपला काढल्या, पडद्यावर देवी आली तेव्हा फुले आणि पैसे फेकले. चित्रपट हिंदी, म्हणजे चौघींनाही अर्धामुर्धाच येणारा; तिथे सगळ्या सारख्या. आणि पडद्यावर सत्यवतीचे हाल चालले असताना, अंधारात, आईने मासींचा हात धरून विचारले, “हवे शुं थशे?” आता काय होणार?

“एटलुं पहेलुं गुजराती बोली तारी बा,” मासी म्हणाल्या. तिचे पहिले गुजराती वाक्य ते.

मीही तिथे होतो. सात वर्षांचा, आईच्या मांडीला टेकून. मला तो चित्रपट फार आवडला होता, घरी येऊन मी उशी डोक्यावर घेऊन देवी झालो होतो. वहीत हे कुठेही नाही.

आता प्रश्न असा की माझे चुकले काय? क्रमांक चुकला असे मी आजही म्हणणार नाही. तो चित्रपट वाईट आहे. आईला बरे वाटावे म्हणून मी तो वर चढवला असता तर ती दुसरी लबाडी झाली असती, आणि तिला ती कळलीही असती. ह्यूमची किल्लीही इथे उपयोगी नाही, कारण आईला लागलेली चव पिंपातली नव्हतीच, ती शेजारी बसलेल्या बाईच्या हाताची होती. पण तिने विचारले होते “हा शेवटी का?” आणि मी तिला एकदाही उलट विचारले नाही, “तुला का आवडला?” विचारले ते फक्त “यात काय आहे?” तो प्रश्न नव्हता, निकाल होता. परीक्षकाला उत्तरपत्रिका वाचायची असते हे मी व्यवसायात शिकलो. घरात मी न वाचताच गुण दिले.

याहून मला जास्त टोचते ते निराळेच. ती पुढे ‘मला त्यातलं कळत नाही’ म्हणू लागली. एक नवी भाषा ऐकून ऐकून शिकलेली बाई, जिला पुढे मासींच्या नातवंडांना गुजरातीत गोष्टी सांगता येत, तिने एका विषयात स्वतःला नापास करून घेतले, आणि निकालपत्रक माझ्या हातचे होते. वर्गातही असे होत असेल. किती वेळा झाले असेल, त्याची वही मी ठेवलेली नाही.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा खालच्या कपाटातल्या पेट्या वर चढवताना ही वही सापडली होती. तेव्हा उघडली नाही. परवा उघडली. पेन्सिलीचे आकडे पुसट झाले आहेत, खोडरबराने कागद जागोजागी पातळ झाला आहे. ‘बनवाबनवी’चा क्रमांक सत्तावन्न निघाला, शेरा, ‘हास्य उथळ’. हसू आले.

भित्तिपत्रकाच्या मुलीला मी बोलावून सांगितले की, मथळा बदल. ‘आवडते’ काढ, ‘पाहावेत असे’ लिही. ती म्हणाली, मग आवडत्यांची वेगळी द्या ना. देतो म्हणालो आहे. पहिले नाव तिला आधीच ठाऊक आहे.

शेवटचे पान मात्र बराच वेळ समोर ठेवून बसलो होतो. क्रमांक १४३ तसाच ठेवला. ‘अंधश्रद्धा’ हा शब्दही तसाच ठेवला. पुढच्या दोन शब्दांवर रेघ मारली.