विसरणाऱ्यांच्या नोंदी

मावळात, कामशेतपासून आत, पवनेच्या बाजूला एका वाडीत माझी मावशी राहत असे. सत्तरी ओलांडल्यावर तिला चक्कर येऊ लागली म्हणून एका दवाखान्यात नेले. तिथे स्मरणशक्तीचीही चाचणी घेतली. आज तारीख काय, असे विचारल्यावर ती म्हणाली, "परवा एकादस झाली, परवा अवस हाय." पंचांगाप्रमाणे उत्तर अचूक होते. गुण मिळाला शून्य. मग एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन कागदावर काढायला सांगितले. भाताच्या चार जातींचे दाणे तळहातावर घेऊन वेगळे सांगणाऱ्या या बाईने उभ्या जन्मात पेन्सिल धरली नव्हती. तिने ती मुठीत धरली, एक तिरपी रेघ ओढली आणि ओशाळून माझ्याकडे पाहिले.

पाच-सहा वर्षांनी ती खरोखरच विसरू लागली. चुलीवर दूध ठेवून उंबऱ्यात बसून राहायची, नातवाला भावाच्या नावाने हाक मारायची. घरातले म्हणाले, म्हातारचळ लागला. साठी बुद्धी नाठी, त्यात नवल ते काय? तेव्हा मात्र तिला कोणी कुठे नेले नाही.

मावशीला ज्या मोजपट्टीने मोजले, ती तिच्यासारख्या माणसांच्या नोंदींवरून बनलेली नव्हती. मेंदूच्या म्हातारपणाबद्दल जगाला जे कळले आहे, त्यातले बरेचसे शिकलेल्या, गोऱ्या, श्रीमंत देशांतल्या माणसांकडून कळले आहे. अमेरिकेत २००४ साली मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली अल्झायमरचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. एडीएनआय हे त्याचे नाव. मेंदूची एमआरआय चित्रे, रक्ताच्या आणि मणक्यातल्या पाण्याच्या तपासण्या, स्मरणाच्या चाचण्या हे सगळे गोळा करायचे आणि जगातल्या कोणत्याही पात्र संशोधकाला अर्ज केल्यावर वापरायला द्यायचे, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. आपले निबंध छापून होईपर्यंत माहिती दाबून ठेवायची नाही. या एका निर्णयाने फार मोठे काम झाले. पण त्या प्रकल्पात सामील झालेली बहुतेक माणसे गोरी आणि पदवीच्या आसपास शिकलेली होती. माहिती कितीही खुली केली, तरी जो तिच्यात नाहीच त्याचे उत्तर तिच्यातून कसे निघणार?

आपल्याकडे हे काम उशिरा का होईना, सुरू झाले आहे. मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. त्यातल्या साठीपुढच्या चार हजारांवर माणसांच्या स्मरणाची तपशीलवार तपासणी दिल्लीचे एम्स आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी केली. निरक्षरांनाही देता येतील अशा चाचण्या तिच्यात घेतल्या आणि जमलेली माहिती संशोधकांसाठी खुली ठेवली. २०२३ साली तिच्यावरून अंदाज निघाला की साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. माझी मावशी या दोन्ही ओळींत बसते.

माहिती वाटून घेण्याला मी औदार्य म्हणणार नाही, तो विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचाच भाग आहे. अल्झायमरवरचा २००६ सालचा एक गाजलेला निबंध वर्षानुवर्षे आधार म्हणून वापरला गेला. त्यातल्या चित्रांत फेरफार झाल्याचा संशय २०२२ साली जाहीरपणे पुढे आला आणि २०२४ साली तो निबंध मागे घेतला गेला. मूळ नोंदी पहिल्या दिवसापासून इतरांच्या डोळ्यांखाली असत्या, तर इतकी वर्षे गेली असती असे मला वाटत नाही.

पण मावळात राहणाऱ्याला यातला धोका लगेच दिसतो, आणि तो खोटा नाही. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावला एमआयडीसी आली, पवनेच्या काठावर बंगले उभे राहिले. गुंठ्यागुंठ्यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेले. अशा मुलखात 'हिला आठवत नाही' हा शेरा आजारापुरता राहत नाही. सातबाऱ्यावर जिचे नाव आहे, तिने दिलेला अंगठा धरायचा की नाही, हे त्या शेऱ्यावरून ठरू शकते. शेरा लपवूनही अंगठा घेता येतो, दाखवून तो खोटाही ठरवता येतो. नाव काढून टाकले की ओळख पुसली, असे शहरातल्या कार्यालयात बसून वाटते. साठ उंबऱ्यांच्या वाडीत वय, मुलांची संख्या आणि नवरा कधी गेला एवढे सांगा, शेंबडे पोरसुद्धा घर दाखवील. एमआरआयच्या चित्रावरून चेहरासुद्धा परत उभा करता येतो, म्हणून देण्याआधी चित्रातला चेहरा पुसावा लागतो. गावाचे नाव पुसणेही तितकेच गरजेचे आहे.

दुसरी अडचण याच आजाराची आहे. आज समजून-उमजून संमती देणारी बाई दहा वर्षांनी आपण काय दिले हेच विसरलेली असेल. मग परवानगी कोणाची, जमिनीवर डोळा असलेल्या मुलाची? मला वाटते, धड आहे तेव्हाच तिला मराठीत विचारावे: तुझी माहिती कोणाकोणाला द्यायची, तू विसरलीस तर तुझ्या वतीने कोणी बोलायचे? त्या माणसाचे नाव तिने स्वतः सांगावे. वारस असणे आणि विश्वासाचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढी काळजी घेऊनही मी म्हणेन, नोंदी द्याव्यात. देण्याची रीत या मुलखाला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले, आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. उड्डियान, नौली करताना शरीरात काय होते, हे क्ष-किरणांनी पाहून ते त्यांनी छापले. गुरूने शिष्याच्या कानात सांगायची विद्या त्यांनी मोजमापांसह चारचौघांपुढे ठेवली, ज्याला शंका असेल त्याने तपासावी म्हणून. आणि वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला इंद्रायणी? इथला आंबेमोहर आणि बाहेरून आलेला आयआर-८ यांचा तो संकर. नुसता आंबेमोहर कवटाळून बसलो असतो, किंवा नुसता आयआर-८ पेरला असता, तर तो सुवास आणि ते पीक एका ताटात आले नसते. आपल्या माणसांच्या नोंदी जगाच्या नोंदींशी अशाच जुळायला हव्यात. आणि बियाणे जसे शेतकऱ्याच्या हातात परत आले, तसा निष्कर्षही परत यायला हवा: आशाताईच्या तोंडून, ग्रामसभेत, कळेल अशा मराठीत. आज रक्ताची नळी वाडीतून जाते आणि तिचे पुढे काय झाले ते वाडीला कधीच कळत नाही.

मावशी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा आणि त्यांच्यासोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत तो तपासणीचा कागद, चार घड्या घालून नीट जपलेला. इंग्रजीतला. खाली लाल शाईत गुणांभोवती गोल केला होता आणि वरच्या कोपऱ्यात तिने ओढलेली ती तिरपी रेघ होती.