कपाट, शोभा आणि हिशेब

वाचकहो, घरात आपल्या मापाचे, आपल्या पसंतीचे देखणे कपाट करून घेणे धर्मदृष्ट्या गैर आहे काय? घाईने ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणणारा येथे चुकण्याचाच संभव अधिक.

सौंदर्याला इस्लामने पाप मानलेले नाही. दिव्य कुरआनच्या सूरह अल-अअराफमध्ये (७:३१-३२) उपासनेच्या वेळी शोभून दिसेल असा पेहराव करण्याची आज्ञा आहे, अल्लाहने दिलेली शोभा निषिद्ध ठरविणाऱ्यांना जाब विचारला आहे, आणि तेथेच उधळपट्टीला मनाईही आहे. चांगली वस्त्रे व पादत्राणे आवडणे हा गर्व आहे काय, असे विचारले गेले तेव्हा सत्य नाकारणे आणि माणसांना तुच्छ लेखणे हा गर्व, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्पष्ट केले.

मग सीमा कोठे आखावी? ग्रानाडाचे इमाम शातिबी (मृत्यू इ.स. १३८८) यांनी शरीअतच्या हेतूंच्या तीन पायऱ्या विस्ताराने मांडल्या आहेत: ज्यावाचून जगणे अडते ते जरूरियात, ज्यावाचून ओढाताण होते ते हाजियात आणि ज्याने जगणे शोभिवंत होते ते तहसीनियात. हीच मोजपट्टी कपाटाला लावून पाहा. ओल आणि कसर यांपासून कपडे राखणारा बंद खण ही गरज. हँगरवरचा सदरा चुरगळू नये म्हणून दोन फूट खोली, वृद्ध आईच्या हाताशी येणारा कप्पा, ही सोय. आतला दिवा, सरकते दार, ही शोभा. तिन्ही वैधच, परंतु शोभेसाठी कर्ज काढावे लागले, किंवा पाहुण्यांना दाखविण्यासाठीच दार उघडले जाऊ लागले, की मर्यादा सुटली असे समजावे.

खरी मेख रिकाम्या जागेत आहे. जागा आधी केली की ती भरण्यासाठी खरेदी होते. हनफी फिक्हमधील एक बारकावा येथे लक्षात घ्यावा. वापरायच्या कपड्यांवर जकात नाही. मात्र मूळ गरजेपलीकडचे, पडून राहिलेले कपडे सदका-ए-फित्र आणि कुर्बानी यांचा निसाब ठरविताना मोजले जातात. दाराआड विसरलेली वस्तू हिशेबातून सुटत नाही.

म्हणून सुताराला मापे देण्यापूर्वी असलेले सर्व कपडे बाहेर काढून मोजा. द्यायचे ते वेगळे करा, पण त्यात विटके-फाटके तेवढेच नसावेत. स्वतः घेताना आपण डोळेझाक करू असे दान देऊ नये, हे कुरआननेच बजावले आहे (२:२६७). उरलेल्यांसाठी सुंदर कपाट अवश्य करा. बहुधा ते ठरविल्यापेक्षा लहान होईल.