किती पानांचं पुस्तक होईल?

ओतूर,
नागपंचमी

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन्ही वह्या वाचल्या. कपर्दिकेश्वराची श्रावणी सोमवारची यात्रा, तांदळाच्या पिंडी, बाबाजी चैतन्यांची समाधी आणि त्यातून तुकोबांशी जुळलेलं आपल्या गावाचं नातं, सगळं मनापासून उतरलंय. लिहून २१० पानं झाली, छापल्यावर किती होतील, असं तू विचारलंस. वहीची पानं विसर आणि शब्द मोज.

आपलं अक्षर पहिल्या पानांवर सुटं असतं, शेवटी घाईत दाटतं. म्हणून दोन्ही वह्यांतून, सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी मिळून दहा पानं निवड. त्यांतले शब्द मोजून सरासरी काढ. समज, पानाला १६० शब्द आले, तर २१० पानांचे ३३,६०० झाले.

आता छापील पान. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत, वाचायला सोपा टाइप घेतला तर साधारण ३० ओळी आणि ओळीला ९ शब्द बसतात. हिशेबाने २७० झाले, पण परिच्छेदाची शेवटची ओळ अर्धीच भरते, संवादाच्या ओळी तोकड्या असतात. तेव्हा २४० धर. म्हणजे मजकुराची पानं १४०. इंग्रजी पुस्तकांचे आडाखे इथे लावू नकोस. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, 'कपर्दिकेश्वराच्या' हा एकच शब्द केवढी जागा खातो बघ! शिवाय एकाच पॉइंटचे दोन फाँट सारखी जागा घेत नाहीत. म्हणून डीटीपीवाल्याकडून आधी एक नमुना पान लावून घे आणि माझा २४०चा आकडा त्यावर तपास.

एवढ्यावर थांबू नकोस. अभंगाचा प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीत जातो, वरखाली मोकळी जागा लागते. त्याची ६ पानं धर. तुझी बारा प्रकरणं प्रत्येकी नव्या पानावर सुरू होणार, त्यात मिळून १० पानं जातील. शीर्षकपान, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका यांची ८. एकूण १६४.

इथे फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच, आडवा येतो. डेमीचा एक फर्मा सोळा पानांचा. दहा फर्म्यांची १६० पानं झाली, तुझी चार वर गेली. त्या चारांसाठी अर्धा फर्मा घेतलास तर १६८ पानं होतात आणि शेवटची चार कोरी राहतात. २३ बाय ३६ इंचांच्या एका कागदात डेमीचे दोन फर्मे निघतात. म्हणजे हजार प्रतींना दहा फर्म्यांसाठी ५,००० कागद, दहा रीम, नासधूस वेगळी. अर्ध्या फर्म्याला आणखी अर्धा रीम, शिवाय जास्तीची छपाई आणि बांधणी. शंभरेक प्रती डिजिटलवर काढणार असशील तर फर्म्याचं बंधन सैल होतं, पण तिथे दर पानागणिक पैसे मोजावे लागतात.

मग चार पानं कमी कशी करायची? पानावर ३०ऐवजी ३१ ओळी घेतल्या तर १४० पानांत साडेचार पानं वाचतात. पण टाइप बारीक करू नकोस. आपल्याकडे हे पुस्तक चष्मा लावलेली वारकरी मंडळी वाचणार. त्याआधी मजकुरावर कात्री चालव. पिंडींची हकीकत तू तीन प्रकरणांत सांगितली आहेस. ती एकदाच, नीट सांगितलीस तर दोन पानं तिथेच सुटतील आणि पुस्तकही घट्ट होईल. उलट एखादा फर्मा थोडा रिकामा राहतोय म्हणून भरताड मात्र करू नकोस. कोऱ्या पानाला वाचक नावं ठेवत नाही, कंटाळवाण्या पानाला ठेवतो.

प्रकाशकाकडे जाशील तेव्हा 'किती पानं होतील?' असं त्याला विचारू नकोस. शब्द इतके, अभंग इतके, फोटो इतके, प्रती इतक्या, आणि मला डेमीत दहा फर्म्यांत बसवायचंय, असं तूच सांग. म्हणजे खर्चाचा आकडा तुझ्या हिशेबाशी ताडून बघता येईल आणि पुस्तकात काय ठेवायचं, काय गाळायचं, हे तुझ्या हातात राहील.

तुझा,
मामा